बरोबर सरांची मुलगी

माझ्या अकरावीच्या वर्गात नवरदेवाला विनाकारण अटक झाली, तेव्हा पोरं बाकांवर चढून ओरडत होती. फौजदार झालेल्या मुलीनं त्याचे हात स्वतःच्या ओढणीनं बांधले होते. नवरदेव म्हणजे मागच्या बाकावरचा एक लाजाळू मुलगा. कागदाच्या मुंडावळ्या सावरत तो म्हणत होता, "मॅडम, म्या खवा खाल्लाच न्हाय. मला गोड चालत न्हाय!"

खेळ साधा होता. भूमच्या बाजारातून खव्याची पाटी चोरीला गेली आहे. संशयित दहा. कंडक्टर, बँडवाला, नवरदेव, पाहुणा, असे सगळे छातीवर एकेक आकडा लावून फळ्यासमोर उभे. मी एकेक पुरावा फळ्यावर लिहायचा आणि वर्गानं तो सोडवायचा. पुरावा म्हणजे असमीकरण. समीकरणात मधे बरोबरचं चिन्ह असतं, इथं 'पेक्षा लहान' नाही तर 'पेक्षा मोठं' असतं, एवढाच फरक. त्यामुळं उत्तर एक आकडा येत नाही, आकड्यांची रांगच येते. जो त्या रांगेत बसत नाही तो निर्दोष, त्यानं जागेवर जाऊन बसायचं. शेवटी उरेल तो चोर.

त्या दिवशी पुरावा होता, उणे तीन क्ष हा उणे एकवीसपेक्षा मोठा किंवा त्याच्याएवढा. ऋण संख्येनं भागलं की चिन्हाचं तोंड फिरतं, हे पोरं विसरली. सातच्या आतले आकडे उरायला हवे होते, ते सुटले, आणि सातच्या पुढचे अडकले. नऊ नंबरचा नवरदेव आत गेला. खरा चोर, पाच नंबरचा बँडवाला, सुटून खिडकीपाशी जागेवर बसून हसत होता. चूक सापडली तेव्हा फौजदारीण कपाळावर हात मारून म्हणाली, "आता माझी वर्दी गेली की हो मॅडम." त्यानंतर त्या वर्गात तोंड फिरवायला कुणी विसरलं नाही.

ही शाळा धाराशिवपासून एसटीनं तासाभरावरच्या एका गावात आहे, कनिष्ठ महाविद्यालय तिथंच जोडलेलं. आमच्या जुन्या शाळेत शिक्षक जास्त ठरले म्हणून माझं समायोजन इथं झालं. रुजू झाले त्या आठवड्यातच कळलं, या गावात गणिताची भीती वारशानं येते. कुठल्याही मुलाला विचारावं तर एकच उत्तर, "आमच्या घरात कुणालाच येत न्हाय." आणि का, असं विचारलं की गोष्ट निघायची बरोबर सरांची.

बरोबर सर हे गावानं ठेवलेलं नाव. फळ्यावर गणित मांडून ते मुलाला विचारायचे, "बरोबर?" मुलगा हो म्हणाला आणि गणित चुकीचं असलं तर मार. नाही म्हणाला आणि गणित बरोबर असलं तरी मार. गप्प बसला तर सगळ्यात जास्त. ऑफिसातला शिपाई हे हसत हसत सांगायचा, कँटीनवाला सांगायचा, शाळा समितीवरचे लोकही सांगायचे. सांगताना प्रत्येकजण नकळत तळहात चोळायचा.

मीही हसायचे. बरोबर सर माझे वडील.

लग्नानंतर आडनाव बदललेलं, आणि लहानपणी मी कधी त्या गावात राहिलेले नव्हते. अण्णा तिथं खोली करून राहायचे, आई आणि मी धाराशिवला. शनिवारी संध्याकाळच्या गाडीनं ते घरी यायचे. त्यामुळं मला ओळखायचं कुणाला काही कारण नव्हतं. पहिल्या दिवशी सांगायचं राहून गेलं. दुसऱ्या दिवशी ती माराची गोष्ट ऐकली आणि मग सांगवेना. एकदा हसल्यावर, आता सांगितलं तर सगळ्यांनाच अवघडल्यासारखं होईल, अशी मी माझी समजूत घातली.

आई गेल्यापासून अण्णा माझ्याकडंच राहतात. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, गुडघे धरलेत, पण डोकं तल्लख. मी पहिला खटला जेवणाच्या टेबलावर बसून लिहीत होते, हेडमास्तरांच्या कपाटातले पेढे पळवल्याचा. अण्णा मागून येऊन वाचत उभे राहिले आणि म्हणाले, "दोन आरोपी उरतायत की गं. तुझा शेवटचा पुरावा लंगडा आहे." त्यांनी पेन घेतला, एक आकडा बदलला. एकच आरोपी उरला. मग खुर्ची ओढून ते तिथंच बसले.

त्या दिवसापासून खटले अण्णाच लिहायला लागले. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर, ठळक अक्षरात. यात्रेत हरवलेली शेळी, लग्नातून गायब झालेला फेटा, बसमधून पळवलेली कोंबडी. प्रत्येक खटल्याच्या शेवटी पकडलेल्या चोराचं छोटं भाषण असायचं, ते वाचून वर्ग लोळायचा. बँडवाल्याच्या तोंडी त्यांनी लिहिलं होतं, "साहेब, दिवसभर फुंकून फुंकून पोट रिकामं झालं, वर त्या खव्याचा वास. तुम्हीच सांगा, गुन्हा कुणाचा?" मी घरी आले की चप्पल काढायच्या आत अण्णा विचारायचे, "सापडला का चोर? कुठं अडकली मुलं?" मी सांगायचे आणि त्यांचा चेहरा उजळायचा. एकदा म्हणाले, "हे मला तेव्हा सुचायला पाहिजे होतं." मी विषय बदलला.

दिवाळीच्या सुट्टीआधी पालकसभा होती. एरवी पालक येतात, सही करतात, जातात. या वेळी मी ठरवलं, पालकांनाच संशयित करायचं आणि मुलांनी तपास करायचा. बायका आधी तोंडाला पदर लावून हसल्या, मग छातीवर आकडे लावून रांगेत उभ्या राहिल्या. फौजदारीण मुलगी, तीच वर्दीवाली, तिची आईही त्यांत होती. गावात एसटी स्टँडजवळ तिची पिठाची गिरणी आहे. वयानं माझ्याएवढीच. आपला आकडा फळ्यावरच्या रेषेवर दाखवायचा होता. तिची पाळी आली, मी खडू पुढं केला. ती दोन पावलं मागं सरकली आणि सरळ जाऊन बाकावर बसली. मुलगी "आई, चल की" म्हणत राहिली. मी हसण्यावारी नेलं आणि खेळ पुढं चालू ठेवला.

सभा संपल्यावर ती व्हरांड्यात माझ्यासाठी थांबली होती.

"मॅडम, राग मानू नका. फळ्यापाशी गेलं की मला घाम फुटतोय."

"का हो?"

तिनं डावा हात पुढं केला. करंगळी मधल्या सांध्यापासून आत वळलेली होती, सरळ होत नव्हती. "हितं एक मास्तर व्हते. बरोबर सर म्हणायचे त्यांना. तुमी नवीन हाव, तुमाला ठाव नसतील. नववीत म्या त्यांना इचारलं, उणे गुणिले उणे अधिक कसं काय होतंय? निस्तं इचारलं. त्यांना वाटलं म्या टिंगल करायले. पट्टी आडवी न्हाय, उभी मारायचे ते. बोट सुजलं, घरच्यांनी हळद लावली. मग आमचे दादा म्हणाले, बास झाली साळा. पुढच्या साली लगीन."

मी काही बोलायला हवं होतं. मी जे बोलले ते असं, "त्या काळी सगळेच मारायचे हो."

तिनं मान हलवली. "आसंल. पण पोरगी घरी येऊन सांगती, मॅडम मारत न्हाईत, चोर-पोलीस खेळून गणित शिकवत्यात. मला पटंना. म्हणून आज गिरणी बंद ठिवून आले बघायला. लई चांगलं करताव तुमी. देव तुमचं भलं करो."

ती पायऱ्या उतरून गेली. मी स्टाफरूममध्ये जाऊन पाणी प्यायले. कुणीतरी विचारलं, मॅडम बरं वाटत नाही का. मी म्हटलं, ऊन लागलं.

एसटीत बसल्यावर एक गोष्ट आठवली आणि मी खिडकीकडं तोंड केलं. ती नववीत होती त्या वर्षी मीही नववीत होते. आणि मीही अण्णांना हेच विचारलं होतं. उणे गुणिले उणे अधिक कसं? शनिवार होता, अण्णा नुकतेच गाडीतून उतरून आले होते, पायही धुतले नव्हते. ते मोठ्यानं हसले, म्हणाले, "शाब्बास, हा खरा प्रश्न." खडू घेऊन त्यांनी स्वयंपाकघराच्या फरशीवर लांब रेघ ओढली. मला मधोमध उभं केलं. "आता पाठ फिरव. आणि आता उलटी चाल, मागं मागं. कुठं पोचलीस?" मी वळून बघितलं तर अधिकच्या बाजूला उभी होते. आई ओरडत होती, फरशी आत्ताच पुसली म्हणून. मी गणिताची शिक्षिका झाले ती त्या रेघेवर.

घरी आले तर अण्णा दारातच. "पालकांना जमलं का?"

"जमलं," मी म्हटलं.

त्यानंतर आठवड्याभरात अण्णांना फोन आला. त्या शाळेच्या दहावीच्या एका जुन्या बॅचनं व्हॉट्सअॅपवर एकमेकांना शोधून काढलं होतं आणि स्नेहमेळावा ठरवला होता. जुन्या गुरुजींचा सत्कार करायचा होता. अण्णांनी मला न विचारताच हो म्हटलं. सफारी इस्त्रीला दिला, न्हाव्याला घरी बोलावलं. मी म्हणून बघितलं, "अण्णा, एवढा प्रवास, गुडघे दुखतील."

"माझी मुलं बोलवतायत, बाळ. नको कसं म्हणू?"

शाळेच्या मैदानात मांडव होता. फेटे, शाली, मोठमोठे स्पीकर. एकेकजण माईकवर येऊन बोलत होता आणि अण्णांच्या पाया पडत होता. आता जिल्ह्याच्या गावी मोठं दुकान असलेला एक जण म्हणाला, "सरांनी मला असा बडवलाय की अजून थंडीत पाठ ठणकते. पण त्या मारानंच आज मी माणूस झालो." मांडव हसला. अण्णाही हसले, डोळे पुसत. बोलायला उभे राहिले तेव्हा म्हणाले, "मी मारलं. पण आपलं समजून मारलं." टाळ्या पडल्या. मग ते पुढं बोलले. ते बोलणार आहेत हे मला आधीच कळायला हवं होतं. "आणि आता तुमच्या मुलांना माझी मुलगी शिकवते, याच शाळेत. तिचे ते चोराचे खेळ मीच लिहून देतो."

निवेदकानं माझं नाव घेतलं आणि उभं राहायला सांगितलं. मी उभी राहिले, हात जोडले. स्वागतगीताला आलेली माझ्या वर्गातली मुलं वळून माझ्याकडं बघत होती. त्यांच्या मागं, मांडवाच्या खांबापाशी, गिरणीवाली तिच्या मुलीचा हात धरून उभी होती. बॅच तिचीच होती, दहावीपर्यंत पोचली नसली तरी कुणीतरी तिला बोलावलं असावं. आमची नजरानजर झाली. ती रागावलेली दिसली असती तर मला सोपं गेलं असतं. ती फक्त बघत होती, एखादा हिशेब लागत नसल्यासारखी. मग मुलीला घेऊन निघून गेली. अण्णांच्या गळ्यात हार होता आणि ते मला खुणेनं जवळ बोलवत होते, फोटोसाठी.

सोमवारी वर्गात नवा खटला होता. फौजदार व्हायला ती मुलगी उठली नाही. "पोट दुखतंय," म्हणाली आणि वहीत डोकं घातलं. दुसऱ्या कुणालातरी फौजदार केलं. खेळ झाला, चोर सापडला, चोराचं भाषण मी अर्ध्यातच थांबवलं.

शाळा सुटल्यावर मी गिरणीवर गेले. गिरणी चालू होती, बोललेलं ऐकू येत नव्हतं. तिनं मला पाहिलं, पण डब्यातली ज्वारी संपेपर्यंत हातातलं काम सोडलं नाही. मग पट्टा थांबला आणि एकदम शांत झालं. तिच्या पापण्यांवर पीठ बसलं होतं.

"या मॅडम."

"मला सांगायचं होतं..."

"ते तुमचे वडील हायत, हे तुमाला म्या बोलले तवा ठाव व्हतं का?"

"हो."

"म्या बोट दावलं, तवाबी?"

"हो."

तिनं फडक्यानं हात पुसले, सावकाश. "त्यांचं जाऊ द्या. ते जसे व्हते तसे व्हते. पण तुमी म्हणालाव, त्या काळी सगळेच मारायचे. मला वाटलं, मॅडम परक्या गावच्या, त्यांना काय ठाव. म्या घरी येऊन इचार केला, खरंच आसंल, आपणच धरून बसलाव इतके दिवस." तिनं फडकं खांद्यावर टाकलं. "तुमाला मारायचे का ते?"

"नाही," मी म्हटलं. "कधीच नाही."

"बरं झालं," ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. मला तिथं उभं राहवेना, तरी मी उभी राहिले. माफी मागितली. माझे शब्द मलाच शाळेतल्या निबंधासारखे वाटले. ती ऐकून घेत होती. मग तिनं विचारलं, "ते चोराचे कागद खरंच ते लिहित्यात?"

"हो."

"माझ्या पोरीसमोर ते नका वाचू. शिकवायचं ते शिकवा. तेवढं नगं."

एक बाई डबा घेऊन आली. गिरणीवालीनं पट्टा चालू केला आणि मी निघाले.

घरी येऊन मी अण्णांना सांगितलं. चहा ठेवला, समोर बसले आणि सगळं सांगितलं, बोट, पट्टी, हळद, सुटलेली शाळा. त्यांच्यापुढं अर्धा लिहिलेला खटला होता. त्यांनी पेन खाली ठेवला.

"कोण ही? दिसायला कशी होती?"

मला ती तेव्हा दिसायला कशी होती ते कसं ठाऊक असणार. मी म्हटलं, "तिनं विचारलं होतं, उणे गुणिले उणे अधिक कसं."

अण्णा बराच वेळ आठवत राहिले. "हा प्रश्न दर वर्षी कुणीतरी विचारायचं," ते म्हणाले. "आठवत नाही गं. खरंच आठवत नाही." मग त्यांनी विचारलं, "तुला कसं सांगितलं होतं मी ते?"

मी फरशीवरच्या रेघेचं सांगितलं. पाठ फिरवायचं, मागं मागं चालायचं. त्यांनी ऐकलं. चहावर साय धरली.

"म्हणजे मला येत होतं," ते म्हणाले. "समजावून सांगायला मला येत होतं."

त्यांच्या बाजूनं काही बोलावं असं मला वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली. व्हरांड्यात मी नेमकं तेच करून आले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते सफारी घालून तयार बसले होते. म्हणाले, मला त्या बाईकडं घेऊन चल. मी म्हटलं, आधी तिला विचारते. विचारलं. ती पिठाचा डबा बांधत म्हणाली, "नगं म्हणावं. ते येऊन म्या काय करू? पाया पडू का चहा ठिवू? आले तर मला दोन्ही करावं लागंल." मी घरी येऊन तसंच सांगितलं, एक शब्दही सौम्य केला नाही. अण्णांनी सफारी काढून घडी घातली.

त्या दिवसापासून त्यांनी खटला लिहिलेला नाही. मी बंद करायला सांगायच्या आधीच त्यांनी कॅलेंडरची पानं आवरून ठेवली. आता मी लिहिते. माझे पुरावे नीट असतात, आरोपी एकच उरतो, पण हसू कमी येतं. एका मुलानं मला तसं सांगितलंही, "मॅडम, आधीचे चोर लई भारी बोलायचे." मी म्हटलं, मग तूच लिही. त्यानं लिहिलं, बरं लिहिलं. आता पाळीपाळीनं मुलंच लिहितात. असमीकरणांचा धडा संपला तरी खेळ चालू आहे.

फौजदारीण मुलगी माझ्याशी नीट वागते. गृहपाठ वेळेवर, उत्तरं बरोबर. पूर्वी मधल्या सुट्टीत टेबलापाशी येऊन काहीबाही विचारत राहायची, ते बंद झालं. जानेवारीत एकदा आपण होऊन फौजदार व्हायला उठली, तेव्हा मी फळ्याकडं वळून उगाच तारीख पुसली आणि पुन्हा लिहिली.

अण्णा आता संध्याकाळी शाळेचं काही विचारत नाहीत. मी सांगितलं तर ऐकतात. मध्ये त्या दुकानवाल्याचा फोन आला, पुढच्या वर्षीच्या मेळाव्याला या म्हणून. अण्णांनी तब्येतीचं कारण सांगितलं. फोन ठेवल्यावर म्हणाले, "त्याची पाठ खरंच ठणकत असेल का गं थंडीत?" मी म्हटलं, असेल.

माझी एसटी स्टँडवर थांबते तिथून गिरणीचं दार दिसतं. रोज सकाळी उतरल्यावर मी त्या दिशेनं मान लववते. कधी तिचं लक्ष असतं, ती मान हलवते. कधी गिरणी चालू असते आणि ती वरून धान्य ओतत असते, तेव्हा बघत नाही. दोन्ही दिवशी मी शाळेपर्यंत जरा भराभर चालते.